कट्यारीच्या मुठीवरची काच

खंडेनवमीला घरातली जुनी शस्त्रे बाहेर काढून, घासूनपुसून त्यांची पूजा करण्याची पद्धत महाराष्ट्रात अनेक घरांत आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका घरी त्या दिवशी जाण्याचा योग आला. पाटावर दोन तलवारी, एक दांडपट्टा आणि एक कट्यार मांडली होती. कट्यारीच्या मुठीवर चांदीचा पत्रा मढवलेला होता आणि त्यावर निळ्या-हिरव्या रंगांची नाजूक वेलबुट्टी होती. निम्म्या मुठीवर हे रंग लखलखत होते. उरलेल्या भागात मात्र पानाफुलांच्या आकाराचे रिकामे खळगे तेवढे दिसत होते.

“आजोबांच्या वेळी मूठ पूर्ण भरलेली होती म्हणतात,” घरमालक म्हणाले. “आम्ही दर वर्षी चिंच आणि राख लावून स्वच्छ घासतो. तरी रंग उडतोच.”

शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या नववीतल्या मुलीने विचारले, “काका, रंग कच्चा होता का?”

मी म्हटले, “तो रंग नाहीच. ती काच आहे.”

“मग काच चांदीला चिकटवली कशी? आणि इतकी वर्षे चिकटून होती, तर आता सुटते का?”

त्या वेळी मी जमेल तसे उत्तर दिले. पण ते माझे मलाच अपुरे वाटले. काचेचे रसायन, धातूंचे प्रसरण, मिश्रधातूंचे द्रवणांक, प्रकाशाचे परावर्तन हे सारे आपण शाळेत वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवतो. त्या मुठीवर ही सगळी प्रकरणे एकत्र आलेली होती. तेव्हा तिच्या प्रश्नांची उत्तरे आता सावकाश पाहू.

रंग नव्हे, काच

धातूवर काच वितळवून बसवण्याच्या या कलेला मीनाकारी म्हणतात आणि त्या काचेला मीना. ‘मीना’ हा शब्द फारसी आहे. जुन्या भारतीय शस्त्रांवर सजावटीचे अनेक प्रकार आढळतात आणि त्यांची गल्लत होते, म्हणून आधी ते वेगळे करू. पोलादी मुठीवर सोन्याची तार ठोकून बसवतात ती कोफ्तगरी. तिच्यात काच नसते. सोन्याच्या कोंदणात रत्ने बसवणे म्हणजे कुंदनकाम. त्यातही काच वितळवलेली नसते. मीनाकारीत मात्र रंगीत काचेची पूड धातूवर पसरून ती भट्टीत वितळवतात. थंड झाल्यावर काच आणि धातू यांचा जवळजवळ एकजीव झालेला असतो.

ही काच खिडकीच्या काचेपेक्षा थोडी निराळी असते. मूळ घटक वाळूच, म्हणजे सिलिका. पण शुद्ध सिलिका वितळायला १७०० अंश सेल्सियसच्या आसपास तापमान लागते. तेवढ्या उष्णतेत खालचे सोने-चांदी केव्हाच वितळून जाईल. (चांदीचा द्रवणांक ९६२ अंश, सोन्याचा १०६४ अंश आणि तांब्याचा १०८५ अंश.) म्हणून सिलिकात पोटॅश किंवा सोडा, टाकणखार आणि शिशाचे ऑक्साइड मिसळतात. त्यामुळे ही काच ७०० ते ८५० अंशांच्या दरम्यानच वितळून पसरते. शिशामुळे आणखी एक फायदा होतो. साध्या काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ असतो, तो शिशामुळे वाढतो आणि काचेला अधिक झळाळी येते.

अशी काच मुळात रंगहीन असते. तिच्यात धातूंची ऑक्साइडे अगदी थोड्या प्रमाणात विरघळवली की रंग येतो. कोबाल्टमुळे गडद निळा, तांब्यामुळे हिरवा किंवा मोरपंखी, मँगनीजमुळे जांभळा, लोहामुळे पिवळट तपकिरी किंवा बाटलीसारखा हिरवा. कथिलाच्या ऑक्साइडचे कण काचेत न विरघळता तसेच राहतात आणि प्रकाश विखुरतात. त्यामुळे काच दुधासारखी पांढरी व अपारदर्शक होते. माणकासारखा लाल रंग मात्र ऑक्साइडाचा नव्हे. तो काचेत विखुरलेल्या तांब्याच्या किंवा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. हे कण काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर एवढेच असतात. ते हिरवा प्रकाश शोषतात आणि लाल प्रकाश जाऊ देतात. सोन्याच्या अशा सूक्ष्म कणांचा आणि त्यांच्या रंगांचा पद्धतशीर अभ्यास मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये मांडला. कारागीर त्यांच्या फार आधीपासून हे कण काचेत तयार करत होते, मग त्यामागचे कारण त्यांना ठाऊक असो वा नसो.

शाळेतला मीना

आपल्या प्रयोगशाळेत मीनाकारीची एक लहानशी प्रतिकृती नेहमीच होत असते. आपण तिला मीनाकारी म्हणत नाही, एवढेच. ती म्हणजे टाकणखाराच्या मण्याची परीक्षा. तारेच्या टोकाला बारीक कडे करून ते तापवायचे, टाकणखारात बुडवायचे आणि पुन्हा ज्योतीत धरायचे. टाकणखार आधी फुगतो आणि मग वितळून त्याचा काचेसारखा स्वच्छ मणी बनतो. त्याला धातूच्या क्षाराचा एखादाच कण लावून पुन्हा तापवले की मणी रंगतो.

कोबाल्टचा मणी कोणत्याही ज्योतीत निळाच राहतो. तांब्याचा मणी ऑक्सिडीकारक ज्योतीत गरम असताना हिरवा आणि थंड झाल्यावर निळा दिसतो. तोच क्षपणकारक ज्योतीत धरला तर थंड झाल्यावर अपारदर्शक लाल होतो. मँगनीजचा मणी ऑक्सिडीकारक ज्योतीत जांभळा, तर क्षपणकारक ज्योतीत रंगहीन. लोहाचा एका ज्योतीत पिवळसर, दुसरीत हिरवा.

हा प्रयोग करताना विद्यार्थ्यांना एवढे जरूर सांगावे की जयपूरच्या किंवा लखनौच्या भट्टीपुढे बसलेला मीनाकार हेच करत होता. तांब्याचा हिरवा हवा की लाल, हे भट्टीत हवा किती खेळते यावर अवलंबून असे. मण्याच्या बाबतीत चूक झाली तर आपण दुसरा मणी करतो. मीनाकाराच्या हाती मात्र खोदून तयार झालेली सोन्याची मूठ असे. (प्रयोगात शिसे आणि क्रोमियम यांचे विषारी क्षार टाळावेत; वर दिलेल्या धातूंचे रंग पुरेसे आहेत. डोळ्यांना चष्मा हवाच.)

खोदाई, भरणी आणि भट्टी

जयपूरच्या मीनाकारीची तपशीलवार माहिती सॅम्युअल स्विंटन जेकब आणि टॉमस होल्बाइन हेंडली यांनी १८८६ मध्ये एका सचित्र ग्रंथात प्रसिद्ध केली. त्यातून या कामाची विभागणी कळते. चितारी नक्षी काढून देई, सोनार वस्तू घडवी, खोदकाम करणारा पोलादी कलमांनी नक्षीचे खळगे कोरी, मीनाकार त्यांत काच भरी आणि जिल्हई करणारा शेवटी चकाकी आणी. रत्ने जडवायची असतील तर जडियाचे काम निराळे.

खळग्याचा तळ गुळगुळीत ठेवत नसत. त्यावर समांतर बारीक रेघा मारत. या रेघा दोन कामे करतात. एक म्हणजे काचेला पकड मिळते. तांब्यासारख्या धातूवर तापताना ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो. वितळलेली काच हा थर थोडा विरघळवते आणि त्या विरघळण्यातूनच धातूशी घट्ट बांधली जाते. सोन्यावर असा थर होत नाही, म्हणून तेथे या रेघांच्या पकडीला महत्त्व येते. दुसरे काम प्रकाशाचे आहे. त्याकडे पुढे वळू.

काचेची पूड पाण्यात कालवून ती खळग्यात सळईने किंवा कुंचल्याने भरत, सुकवत आणि मग वस्तू भट्टीत ठेवत. पूड वितळली की तिच्यातल्या मोकळ्या जागा नाहीशा होतात आणि पातळी खाली जाते. म्हणून पुन्हा भरायचे आणि पुन्हा भाजायचे. शिवाय सगळे रंग एकाच तापमानाला वितळत नाहीत. जो सर्वांत जास्त उष्णता सोसतो तो आधी आणि जो सर्वांत कमी सोसतो तो शेवटी, असा क्रम असे. पांढरा पहिल्यांदा, लाल सर्वांत शेवटी. लाल रंगाला उष्णता थोडी जास्त झाली तरी तो बिघडतो. म्हणूनच जयपूरच्या स्वच्छ लाल मीन्याचा एवढा लौकिक होता. शेवटी कुरुंदाने घासून पृष्ठभाग सपाट करत आणि चिंचेसारख्या आंबट फळाच्या पाण्याने धातू उजळत.

येथे चांदीबद्दल एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. दागिन्याच्या चांदीत मजबुतीसाठी थोडे तांबे मिसळलेले असते. तांबे आणि चांदी यांचे मिश्रण मात्र दोन्ही शुद्ध धातूंपेक्षा कमी तापमानाला, सुमारे ७८० अंशांनाच, वितळू लागू शकते. मीना वितळायचे तापमानही तेच! म्हणजे अशुद्ध चांदीवर काच वितळायची वाट पाहता पाहता मूठच खचण्याची भीती. म्हणून मीनाकारीला चांदी जितकी शुद्ध तितकी बरी. मिश्रधातूचा द्रवणांक घटकांपेक्षा कमी असू शकतो, हे वर्गात सांगताना नेहमी डाखाचे उदाहरण देतात. त्याच्या जोडीला हे उदाहरणही देता येईल.

पाते आणि भट्टी यांचे वैर

मीनाकारी मुठीवर, म्यानाच्या तोंडावर आणि टोकावर, बंदुकीच्या पट्ट्यांवर आढळते. पात्यावर मात्र जवळजवळ नाहीच. असे का?

पहिले कारण पात्याच्या बाजूने. लोहार पात्याला ‘पाणी देतो’, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करतो आणि मग बेताने पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतो. हे दुसरे तापवणे दोनशे-तीनशे अंशांपर्यंतच असते. असे पाते मीन्यासाठी आठशे अंशांच्या भट्टीत ठेवून सावकाश थंड केले, तर त्याचे सगळे पाणी उतरेल. रंग सुंदर येतील. पण धार टिकणार नाही.

दुसरे कारण काचेच्या बाजूने. पोलाद भट्टीत तापले की त्यावर ऑक्साइडची जाड, सुटी खपली धरते. शिवाय पोलादातला कार्बन ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि तयार होणारा वायू वितळलेल्या काचेत बुडबुडे करतो. आपल्या घरी जी एनॅमलची पांढरी ताटे आणि टमरेले असत, ती लोखंडीच होती. पण त्यांसाठी कार्बन अगदी कमी असलेला पत्रा घेतात आणि पांढऱ्या थराखाली कोबाल्ट असलेला एक गडद थर आधी देतात. जुन्या ताटाचा टवका उडाला की आत जो काळपट निळा थर दिसतो तोच हा. तो लोखंड आणि काच यांच्यातला दुवा असतो. हे तंत्र एकोणिसाव्या शतकात कारखान्यांतून रुळले. जुन्या मीनाकाराला मात्र सोने, चांदी आणि तांबे हेच सोयीचे धातू होते.

मग लढाऊ पाते आणि नाजूक मूठ एकत्र कशी आली? उत्तर लाखेत आहे. मूठ वेगळी घडवायची, खोदायची, भाजायची आणि पूर्ण थंड करायची. मग तिच्या पोकळीत लाखेचे मिश्रण भरून पात्याची शेपटी त्यात बसवायची. लाख शंभर अंशांच्या आतच मऊ होते, त्यामुळे या जोडणीत ना मीन्याला धक्का, ना पात्याच्या पाण्याला. आठशे अंशांची काच आणि तीनशे अंशांपलीकडे न जाऊ शकणारे पोलाद यांची गाठ एका किड्याच्या रेझिनाने घालून दिली.

मोठ्या वस्तूसाठीही हीच युक्ती वापरत. अंबरचे राजा मानसिंह (मृत्यू १६१४) यांची म्हणून जी राजकाठी जयपूरला जतन केलेली आहे, ती अखंड नाही. तांब्याच्या दांड्यावर ३३ सोन्याच्या नळ्या एकीवर एक बसवून ती केलेली आहे. प्रत्येक नळी स्वतंत्रपणे भाजता येते आणि एक बिघडली तर बाकीच्या वाचतात.

चांदीवर निळा, सोन्यावर लाल

संग्रहालयात शस्त्रांच्या दालनात थोडा वेळ थांबून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. लखनौच्या चांदीच्या मुठी आणि म्याने बहुतेक निळ्या-हिरव्या असतात. जयपूरच्या सोन्याच्या कामात लाल आणि हिरवा ठळक असतो. ही केवळ आवडीनिवडीची बाब नव्हे.

पारदर्शक मीन्यात प्रकाश काचेतून खाली जातो, धातूवर आपटतो आणि पुन्हा काचेतूनच वर येतो. म्हणजे रंगीत काचेतून त्याचा प्रवास दोनदा होतो. शिवाय तळाशी तिरप्या कोनात मारलेल्या रेघा छोट्या आरशांसारखे काम करतात. मूठ हातात फिरवली की एकेक रेघ उजळते आणि विझते. हे रेघांचे दुसरे काम.

आता प्रश्न असा की तळाचा आरसा कोणत्या रंगाचा आहे? चांदी दृश्य प्रकाशातले जवळपास सगळेच रंग ९० टक्क्यांहून जास्त परत पाठवते. सोने लाल आणि पिवळा प्रकाश तसाच परत पाठवते, पण निळ्याचा निम्म्याहून अधिक भाग शोषून घेते. म्हणून तर सोने पिवळे दिसते. पारदर्शक निळी काच सोन्यावर ठेवली तर काच फक्त निळा प्रकाश खाली जाऊ देणार आणि सोने नेमका तोच गिळणार. रंग काळपट होणार. लाल काचेखाली मात्र सोने उत्तम आरसा ठरते.

उलट, चांदीवर लाल रंग बसवणे अवघड. कारण चांदीचे आयन गरम काचेत शिरतात आणि तिला पिवळसर छटा देतात. त्यामुळे लाल रंग नारिंगी किंवा तपकिरी होतो. म्हणून चांदीवर निळा-हिरवा आणि सोन्यावर लाल या जोड्या जुळल्या. सोन्यावर निळा किंवा चांदीवर लाल कधी दिसतच नाही असे नव्हे. अपारदर्शक मीना वापरला की तळाच्या धातूचा रंग मध्ये येत नाही. बनारसचा गुलाबी मीना असाच अपारदर्शक पांढऱ्या थरावर रंगवलेला असतो.

विद्यार्थ्यांना हे दाखवायला फार काही लागत नाही. निळा आणि लाल असे दोन पारदर्शक कागद घ्यावेत आणि ते एकदा चांदीसारख्या व एकदा सोनेरी चकचकीत कागदावर ठेवून पाहावेत. सोनेरी कागदावरचा निळा कसा मलूल होतो, हे चटकन दिसते.

टिकते कशी, सुटते का

आता त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू.

तापमान १ अंशाने वाढले तर चांदीची लांबी दहा लाखांत सुमारे १९ भागांनी वाढते. तांब्याची १७, सोन्याची १४ आणि पोलादाची १२. मीन्याच्या काचेचा आकडा तिच्या घटकांवर अवलंबून असतो; हिशेबासाठी तो १० धरू. भट्टीतून काढलेली वस्तू थंड होत असताना ५०० अंशांच्या आसपास काच घट्ट होते. तेथून ३० अंशांपर्यंत म्हणजे ४७० अंशांचा प्रवास काच आणि धातू यांना एकमेकांना धरून करावा लागतो. समजा नक्षी ५ सेंटिमीटर लांब आहे. तेवढ्या लांबीत चांदी सुमारे ०.४५ मिलिमीटर आकसेल, सोने ०.३३ मिलिमीटर आणि काच फक्त ०.२४ मिलिमीटर.

धातू काचेपेक्षा जास्त आकसतो, म्हणजे तो काचेला चारी बाजूंनी दाबतो. हे एका मर्यादेपर्यंत हिताचेच असते. काच ताणली की लगेच तडकते, पण दाब मात्र चांगला सोसते. काच धातूपेक्षा जास्त आकसली असती तर ती पहिल्याच दिवशी फुटली असती. पण दाबालाही मर्यादा आहे. सोन्यावर हा फरक ०.०९ मिलिमीटर, तर चांदीवर ०.२१ मिलिमीटर, म्हणजे दुपटीहून जास्त. चांदीवरच्या मीन्यात हा ताण कायमचा साठलेला असतो. मूठ आपटली, वाकली, उन्हात तापून एकदम गार पाण्यात गेली की टवका उडतो. चांदीवरचा मीना सोन्यावरच्यापेक्षा अधिक निखळतो, याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

आता चिंच आणि राख. चिंचेत टार्टारिक आम्ल असते. आम्लातले हायड्रोजन आयन काचेतल्या पोटॅशियम आणि शिशाच्या आयनांची जागा घेतात. शिसे असलेली मऊ काच या बाबतीत विशेष दुबळी असते. पृष्ठभागावर सिलिकाचा सच्छिद्र, निस्तेज थर उरतो आणि त्याला बारीक भेगा पडतात. राखेतला पोटॅश अल्कधर्मी असतो. तो उलट सिलिकाच्या सांगाड्यावरच हल्ला करतो. शिवाय राखेतले कठीण कण काचेवर ओरखडे काढतात. भेगांतून पाणी आत गेले की ते धातू आणि काच यांच्या सांध्यापर्यंत पोचते. चांदीच्या पत्र्याखाली लोखंडी गाभा असेल तर तो गंजतो, गंजून फुगतो आणि पत्र्याला आतून ढकलतो. गरम पाण्यात मूठ बुडवली तर लाखही मऊ पडते.

मग मीनाकार स्वतः आंबट पाणी वापरत असे, त्याचे काय? तो ते एकदाच, थोडा वेळ आणि भेगा नसलेल्या ताज्या काचेवर वापरी. पन्नास-साठ खंडेनवम्या घासणे ही निराळी गोष्ट आहे. त्या घरातल्या मंडळींनी निष्काळजीपणा केला नव्हता. त्यांनी भक्तिभावाने आणि मेहनतीने ते काम केले. पितळेच्या भांड्याला जे मानवते तेच काचेलाही मानवेल, एवढाच त्यांचा समज होता.

काच वय सांगते

शस्त्र पुसताना जे जाते ती केवळ शोभा नसते. काचेच्या प्रत्येक कणात इतिहासाची नोंद असते.

भारतातल्या मीनाकारीचा सलग इतिहास सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सांगता येतो. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त शाही कारखान्यातल्या कारागिरांत मीनाकाराचा उल्लेख आहे. १५७५ मध्ये अकबराने हाजी हबीबुल्लाह याला कारागिरांसह गोव्याला पाठवले होते, तिथल्या फिरंग्यांच्या चिजा पाहून येण्यासाठी. सोन्यावर मीना भरण्याचे युरोपीय तंत्र अशा संपर्कातून मुघल कारखान्यात आले असावे, असे अनेक अभ्यासकांना वाटते. मानसिंहांनी लाहोरहून मीनाकार अंबरला आणले अशी जयपूरची परंपरा आहे आणि रंगीत काचेचे खडे लाहोरच्या मणियारांकडून, म्हणजे बांगड्या करणाऱ्यांकडून, येत असत अशी नोंद आहे. पुढे लखनौ, मुलतान, सिंध, कच्छ, दख्खन अशा ठिकाणी वेगवेगळ्या शैली वाढल्या. सिंधच्या तालपूर मीरांच्या (१७८३ ते १८४३) बंदुकांवरच्या मीनाकारीच्या सोन्याच्या पट्ट्या प्रसिद्ध आहेत. १८७५-७६ मध्ये ब्रिटिश युवराज भारतात आला तेव्हा राजेरजवाड्यांनी त्याला सजवलेली शस्त्रे मोठ्या संख्येने भेट दिली. तोवर अशी शस्त्रे लढण्यापेक्षा देण्याघेण्याचीच झाली होती.

एखादी मूठ यांपैकी कोणत्या काळातली, हे नक्षी पाहून जाणकार सांगतात. पण नक्षीची नक्कल करता येते. काचेतल्या मूलद्रव्यांची नक्कल इतकी सोपी नाही. क्रोमियमचा शोध वोक्लँ यांनी १७९७ मध्ये लावला. तेव्हा एखाद्या मुठीवरचा हिरवा रंग क्रोमियमचा निघाला, तर तो मीना अकबराच्या काळातला असूच शकत नाही. निदान ती दुरुस्ती तरी नंतरची. युरेनियमचा पिवळा निघाला तरी तेच. ही तपासणी क्ष-किरण प्रतिदीप्तीने करतात. मुठीवर क्ष-किरण सोडले की प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण परत पाठवते. त्यांवरून घटक कळतात आणि काचेचा कणही काढावा लागत नाही.

अलीकडे बाजारात ‘जुन्या’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक मुठींवर काच नसतेच. रंगीत रेझिन भरलेले असते. भिंगातून पाहिले तर खऱ्या मीन्यात अडकलेले गोल बुडबुडे दिसतात आणि टवका उडालेल्या जागी काचेचा शिंपल्यासारखा वक्र भंग दिसतो. सुई तापवून टोचण्यासारखी परीक्षा मात्र जुन्या वस्तूवर कधीही करू नये.

घरी आणि वर्गात

घरात अशी वस्तू असेल तर काय करावे? मुठीला पाणी, आम्ल, राख, दंतमंजन, भांडी घासायची पूड यांतले काहीही लावू नये. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी आणि टवके सैल असतील तेथे तोही लावू नये. पाते वेगळे, कापडाने, हलक्या तेलाचा हात देऊन पुसावे. तेल मुठीवर जाऊ देऊ नये. गुंडाळायला धुतलेले सुती कापड घ्यावे, लोकर नको. लोकरीतल्या गंधकाने चांदी काळी पडते. पावसाळ्यात भिंतीला लागून ठेवू नये. निखळलेला तुकडा सापडला तर गोंदाने चिकटवण्याच्या भानगडीत न पडता कागदाच्या पुडीत नोंद करून ठेवावा. काम मोठे असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारख्या, जतनाचे जाणकार असलेल्या संस्थेचा सल्ला घ्यावा. पूजेला हळदकुंकू वाहायचे असेल तर ते पाटावर वाहावे.

शिक्षकांना यातून तीन छोटे पाठ घेता येतील: टाकणखाराचा मणी, रंगीत कागदाचा प्रयोग आणि प्रसरणाचा हिशेब. या तिन्हींनंतर विद्यार्थ्यांना जवळच्या संग्रहालयात न्यावे आणि शस्त्रांची नावे पाठ करायला न लावता एकच प्रश्न द्यावा: या मुठीवर हाच रंग का?

त्या घरी मी पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. चिंच आणि राख तलवारींच्या पितळी मुठींपुरतीच होती. कट्यार कोरडी पुसून फुलावर ठेवली होती. कट्यारीच्या पेटीत तळाला सापडलेला निळ्या काचेचा एक टवका मुलीने जपून ठेवला होता. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली तिने तो उलटा करून पाहिला होता. “काका, खालच्या बाजूला रेघा आहेत,” ती म्हणाली. तळावर मारलेल्या त्या बारीक रेघांचा ठसा काचेने जसाच्या तसा उचलला होता. मुठीवरच्या रिकाम्या खळग्यात त्याच रेघा होत्या. कोणता टवका कोणत्या खळग्यातला, हे त्या जुळवून शोधायचे काम तिने मग मनावर घेतले.